खेकड्याचं नाव

४ ऑगस्ट
— आणि त्या सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, चूल पेटवली. हे शेताच्या धुऱ्याला, बांधाला पडलेली भोकं बुजवून आले. भोकं पाडणारे खेकडे दुपट्ट्यात बांधलेले. ‘रस्सा कर वो, तिखट कर!’ दुखणं कळायच्या आधीची, रोजचीच सकाळ. म्हणून नीट पाहूनही ठेवली नाही.
दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. आजही सासूबाईंनी माझ्याकडे न बघता ताट ओढलं.

६ ऑगस्ट
भाताचा रोवणा संपला. कंबर धरली आहे.

७ ऑगस्ट
वाचनालयातून जुनं पुस्तक आणलं — इंग्रजी शब्द कुठून आले त्याचं. मी अक्षरं शिकले लेकीच्या, तृप्तीच्या पाटीवर, इंग्रजीला अजून अडखळते. पण हे मराठीत आहे. त्यात प्राण्यांवरून पडलेले शब्द. मसल म्हणजे छोटा उंदीर! दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसे म्हणून. आपली बेडकुळी तशीच. आमचे हे दंड फुगवून लेकीला दाखवायचे — ‘पाह्य, बेडूक उडला!’
पुढचा शब्द कॅन्सर. पुस्तक मिटलं.

८ ऑगस्ट
वाचलं. कॅन्सर म्हणजे खेकडाच. पण का? जुन्या वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. एवढंच! खाण्याशी काही संबंध नाही.
नागपूरचे डॉक्टर साफ म्हणाले होते, यांचा कॅन्सर खर्ऱ्यानं, त्या तंबाखू-सुपारीनं. पण गावात खर्ऱ्याला कोण नाव ठेवणार? घरोघरी पुड्या. शेजारची चंद्रकला म्हणाली, ‘कर्करोग म्हंजे खेकड्याचा रोग बाई, नावातच हाये. खाऊन खाऊनच झाला.’ तेव्हापासून घरात खेकडा बंद. सासूबाईंचं माझ्याशी बोलणंही बंद. रस्सा मीच करून घालत होते ना!
शेवटी शेवटी यांना गिळवत नव्हतं, तरी मागायचे. ‘नुसतं वरचं पानी दे वो, वाटीभर.’ कोणी दिलं नाही. मीही नाही.
हे पान तेव्हा हाती लागायला हवं होतं.

९ ऑगस्ट
जेवताना सासूबाईंना म्हटलं, ‘आत्याबाई, बेडकुळी म्हनतो म्हनून दंडात बेडूक रायते काय?’
‘काईच्या काई बोलून राहिली!’
बोलल्या! मग खेकड्याचं पान वाचून दाखवलं, सावकाश. हात ताटातच थांबला. न जेवता उठल्या. वाटलं, कशाला उकरून काढलं मी.

१० ऑगस्ट
पहाटे सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या. ‘खेकडे खाची सवय त्याले मीच लावली, लहानपनी. घरात दुसरं काय होतं? मले वाटे, पोराले मीच मारलं. तुले कोनत्या तोंडानं बोलू?’
मी धुऱ्यावर गेले. खेकडे धरून आणले. वाटण त्यांनी वाटलं. रस्सा तिखट केला. दोघी एका ताटात जेवलो.