लाल शाईतलं पत्र

सानपाडा, १८ जून १९९४

चि. विजयमाला हिस, मानसिंगदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं इंग्रजी पत्र नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून परत पाठवतोय. सातच चुका, म्हणजे प्रगती आहे. ‘ब्रिंग’ म्हणजे इकडे आणणं, ‘टेक’ म्हणजे तिकडे नेणं. ‘सी’ म्हणजे नुसतं दिसणं, ‘लुक’ म्हणजे मुद्दाम बघणं. तुझी वाक्यं संध्याकाळच्या वर्गात फळ्यावर लिहिली. माथाड्यांची पोरं पोट धरून हसली. नाव सांगितलं नाही, घाबरू नकोस. गल्लत होणाऱ्या शब्दांचं पुस्तक काढायचंय, तुझ्या कृपेने शंभर जोड्या सहज होतील. मार्केटात कांद्याच्या गाड्या लागल्यात, म्हणून घाईत आहे.

लोभ आहेच, सराव वाढव.

तुझा दादा

कोरेगाव, ९ जुलै

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

आज मराठीत लिहिते, रागावू नका. डी.एड.च्या अर्जावर पालक म्हणून आप्पांची सही हवी होती. मानसिंग म्हणाला तर करतो, असं ते म्हणाले. तीस जूनच्या आत त्यांना दोन ओळी लिहा, एवढंच माझ्या त्या इंग्रजी पत्रात होतं.

तुमचं पाकीट आलं तेव्हा आप्पा चष्मा लावूनच बसले होते. काय म्हणतो मानसिंग, असं विचारलं. मी सांगितलं, सात चुका आहेत म्हणतो. आप्पा म्हणाले, “मग तू पोरांना काय शिकवणार?” सही राहिली, मुदत गेली.

खरं तर चुका आठ होत्या. एक तुमच्या नजरेतून सुटली.

लोभ असू द्या, लाल शाई नको.

विजू

सानपाडा, १५ जुलै

चि. विजू, आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्याजवळ नाही, मीच परत धाडलं. वहीत मात्र सातही वाक्यं उतरवलेली होती. आज एकाखाली एक वाचली. आप्पांची सही, तीस जून, दादा तुम्ही सांगा. हे सगळं मीच फळ्यावर लिहिलं, वर्ग हसत होता आणि मी शब्दांखाली रेघा ओढत होतो.

आप्पांना पुढच्या वर्षासाठी पत्र टाकलंय. पुस्तकाची वही बांधून ठेवली. या पत्रात चुकलं असेल ते तपासून परत पाठव.

जमल्यास लोभ ठेव.

दादा

कोरेगाव, २४ जुलै

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

आप्पांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तुमच्या सानपाड्याकडच्या नावडे कॉलनीत राहणारं स्थळ आलंय, रविवारी बघायला येतात. जमलं तर तुमच्या जवळच येईन.

तुमचं पत्र परत पाठवत नाही. ठेवून घेतलंय.

विजू