कडुलिंब न घातलेल्या पाकळ्या

माझी पिशवी वापस काहून पाठवली? पाकळ्या कामाच्या न्हवत्या तर तिकडंच उकिरड्यावर टाकायच्या. पोस्टमननं ती ओट्यावर आणून ठेवली अन् शेजारची सुंदरबाई गल्लीभर सांगत सुटली, हैदराबादच्या उंदरांनी मुक्ताबाईचा माल नापास केला. सत्तरी उलटल्यावर उंदरांच्या हातून नापास झाले मी.

तर प्रिय धनश्री, राग ओकून झाला, आता आजीचा आशीर्वाद घे.

चूक माझी होती, हे एकदाच लिहिते. पाकळ्या सावलीत वाळव अन् तशाच पाठव, असं तू बजावलं होतंस. पण ज्वारी असो का डाळ, लिंबाचा पाला घातल्याबिगर मी जन्मात काही भरून ठेवलं न्हाई. चार मुठी पाला हातानं आपोआप घातला. मला काय ठाऊक, तुझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला तो दिसतो, अन् मग उंदीर करडईनं वाचला का लिंबानं, हे कळायला मार्ग राहत न्हाई.

या बारीला पाला न्हाई. बांधाकडच्या, फवारा न मारलेल्या करडईच्याच पाकळ्या हायेत. पिवळं फूल सुकून लाल पडलं की खुडायचं. काटे लई बेकार, म्हणून तुझ्या बापाचे लग्नातले मोजे हातात चढवले. तुझा बाप शहादेव म्हणाला, माय, मोजे हातात घालणारी तू एकटीच. मी म्हटलं, डोकं असून न वापरणारा तू एकटाच. बाजेवर तुझ्या आज्याचं धोतर अंथरून सावलीत वाळवल्या. अर्धा किलो भरल्या. धोतर पिवळं झालं, त्याला चाललं असतं.

त्याच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तू तिसरीत होतीस. पारव्याचं रगत चोळलं की माणूस उठतो, असं सगळे म्हणत, अन् पदर खोचून सगळ्यांच्या पुढं मीच. तीन दिवस आमी पारवे धुंडाळले, चौथ्या दिवशी दवाखाना गाठला. उशीर झाला म्हणाले. पुढं सात वर्षं तो खाटेवर पडून एका गालानं हसायचा. मागच्या दिवाळीत तू चुलीपुढं बसून सांगितलंस, रक्त पोचलं न्हाई की मेंदूचा, डोळ्याचा तेवढा तुकडा वाळून जातो, पाण्याची पाळी चुकलेल्या वाफ्यासारखा. अन् करडईतल्या पिवळ्या रंगानं तो वाफा थोडा जास्त दम धरतो का, ते तू उंदरांवर बघतेस. ते तीन दिवस कसले होते, हे मला तेव्हा कळलं. मी भाकरी थापत राहिले.

आता खरी बातमी. सोमवारी पाकळ्या खुडताना माझ्या डाव्या डोळ्यावर वरून पडदा उतरला, दुकानाचं शटर ओढावं तसा. अर्धं शेत गायब! दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ, मग परत सगळं लख्ख. तुझी आई म्हणाली, आत्याबाई, ऊन लागलं, बसा. मी बसते व्हय? हातात मोजे तसेच, सडकेवर आले, पहिली जीप थांबवली अन् एकटीनं बीड गाठलं.

डोळ्याच्या डॉक्टरनं डोळा बघितला अन् मान तपासायला दुसऱ्याकडं धाडलं. त्यानं मानेला गारगार चिकट फासून यंत्र फिरवलं, अन् धने, मला माझंच रक्त ऐकू आलं! मोटारीचं पाणी पाईपातून उसळावं तसं, घुई घुई. एका जागी मात्र चिरकलं. तिथं शीर चोंदलीय, ठिबकच्या नळीत क्षार धरतो तशी. इतकी वर्षं हे आत चाललंय अन् आपल्याला पत्ता न्हाई! मी त्याला दोनदा ऐकवायला लावलं. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी रोज घेते. तुझ्या पाकळ्यांचा काढा पिले न्हाई, मी उंदीर न्हाई.

डॉक्टर म्हणतो, मान उघडून शीर साफ करावी लागंल, संभाजीनगरला, अन् याच पंधरवड्यात. तुझा बाप म्हणतो, काढणी उरकू दे. तुझी आई रडते. सुंदरबाईनं तर पारवा धरून टोपल्याखाली झाकून ठेवलाय. मला मानेवरच्या सुरीचं भ्या न्हाई, अर्धं होऊन खाटेवर पडायचं हाय. पण मागच्या बारीला माझ्या अकलेनं ठरवलं अन् त्याची सात वर्षं गेली. आता माझ्या अकलेवर माझाच भरवसा न्हाई. या घरात शिरेतलं रक्त कळणारी तू एकटी. पाकळ्यांच्या खाली तपासणीचे कागद ठेवलेत, ते बघ अन् जाऊ का नको, एका शब्दात लिही. तू जा म्हणालीस तर काढणी गेली खड्ड्यात, मी निघाले.

तुझीच,
उंदरांनी नापास केलेली आजी

पिशवी घेऊन येणारा हरिओम परवा तिथून ट्रक घेऊन माघारी निघतो, त्याच्याजवळच चिठ्ठी दे. फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो, त्यावर सांगू नको. तुझ्या सरांना खुशाल विचार, पण उत्तर तूच लिहायचं, तुझ्या हातानं. दुसऱ्या कुणाचं मी वाचणार न्हाई.