उसवलेली शिवण

४ डिसेंबर
झगा लोकरीचा, शिवण लिननची! भिंगाखाली पुन्हा पाहिलं. मृत समुद्राजवळच्या गुहेतला हा झगा – रोमनांविरुद्धच्या बंडात तिथे लपलेल्या कुणाचा तरी. लोकर आणि लिनन एका वस्त्रात घालायचं नाही, ही धर्माची आज्ञा आपल्या ज्यूंमधलं शेंबडं पोरही सांगेल. यांनी खुशाल घातलं. म्हणजे माझंच खरं, तेव्हाचं ज्यूपण सैल होतं. पुस्तकाचं नववं प्रकरण या एका झग्यावर उभं आहे.

५ डिसेंबर
प्रकाशक गिदोन म्हणतो, "नेहामा, धागा तिऱ्हाइताकडून तपासून घे. नाहीतर लोक तुझी सालटी काढतील." बावीस वर्षं मी काय गवत उपटतेय? पण कबूल केलं. पंधराला छपाई.

९ डिसेंबर
तिऱ्हाईत म्हणून बोलावलेले म्हातारे रेब फायवेल प्रयोगशाळेत आले. मेआ शेआरीमच्या कर्मठ वस्तीत लोकांचे नवे कोट तपासतात, लोकरीत लिनन निघालं तर उसवून देतात. चहाला नको म्हणाले. झगा पाहून म्हणतात, "डॉक्टरबाई, गिऱ्हाईक परत न्यायला कधी येणार?"

भिंगाला डोळा लावला. "लिनन. शंकाच नको." मी मनात जिंकले.

पण म्हातारा उठेना. शिवणीपुढच्या रिकाम्या भोकांवरच नजर. मी म्हटलं, तिथला धागा कुजला असेल.

"कुजला तर भोकात कण राहतात. ही स्वच्छ आहेत. आणि दर तिसऱ्या भोकापाशी पात्याचा बारीक ओरखडा बघा. दोन टाके सोडून तिसरा कापायचा, मग ओढायचं. लोकर दुखावत नाही. मी असंच उसवतो. वडिलांनी शिकवलं."

एकोणीसशे वर्षं – आणि तोच हात! उरलेल्या धाग्यातही एक टाका कापलेला आहे, ओढायचा राहिलाय. तो माणूस मधेच का थांबला असेल, मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. शिकलेल्या तुम्ही."

१० डिसेंबर
दिवसभर नववं प्रकरणच पुन्हा वाचत बसले.

११ डिसेंबर
छपाई थांबवली. गिदोन चिडला, चिडू दे. बाहेर रोमनांचा वेढा, आत उपासमार, थंडी, आणि कुणीतरी अंगावरचा एकुलता झगा काढून लिननचा एकेक टाका उसवत बसलंय. याच माणसाबद्दल मी दरवर्षी वर्गात सांगत आले की त्याला आज्ञेची पर्वा नव्हती.