मानधनाचा विग्रह

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आंधळगावात तुम्हाला ओळखणारी माणसं आता शोधावी लागतात. मी आहे अजून. सकाळी छपरीत खुर्ची टाकून बसतो आणि तुम्ही शिकवलेल्या कविता मनातल्या मनात म्हणतो. एखादी ओळ अडली की टेबलावर मात्रा मोजणारी तुमची बोटं दिसतात. ती चालू लागली की ओळ आपोआप येते. पण आज कवितेसाठी लिहायला बसलो नाही. तुमच्यावर एक सिनेमा निघाला आहे, गुरुजी, आणि त्यात तुम्ही दारू पिता. तुम्ही, ज्यांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही.

हे कसं झालं ते सांगतो. तुमच्या पत्नी, आम्हा पोरांच्या बाई, वारल्या त्याच आठवड्यात मी वर्गाच्या वह्या घेऊन तुमच्या घरी आलो होतो, आठवतं का? दार उघडं होतं. चूल विझलेली, सुपात अर्धवट निवडलेले तांदूळ, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून उद्या शिकवायची कविता मोठ्यानं म्हणत आहात. समोर कोणी नाही. मला पाहिल्यावर तुम्ही डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "तांदूळ निवडता निवडता ते ऐकत राहे, म्हणून सवय पडली," एवढंच म्हणालात. "जाय, वह्या ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी वर्गात तीच कविता तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत नेलीत, आवाज जरासुद्धा न हलता.

पन्नासहून जास्त वर्षं हा प्रसंग मी कोणाजवळ बोललो नाही. मग म्हातारपणी एका दिवाळी अंकात लिहिला. तो वाचून नागपूरची एक मुलगी आली. सिनेमे करते, स्वतःच पैसे उभे करून. मला काका म्हणाली, दोनदा चहा प्याली, आणि यावर पटकथा तुम्हीच लिहा म्हणाली. निघता निघता कागद पुढे करून विचारलं, "काका, मानधनाचं काय करायचं?"

आणि मला लाज वाटली. त्या शब्दाला मी तुमच्या वर्गापासून भितो. सहामाहीच्या पेपरात 'मानधन'चा विग्रह मी 'मान आणि धन' असा केला होता, द्वंद्व समास. तुम्ही लाल शाईनं तो खोडून लिहिलंत, विद्या हेच धन तसं मान हेच धन, आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "यानं मधात 'आणि' घुसवला. याले दोनही पाहिजेत." पोरं हसली. तो 'आणि' मी पुढे आयुष्यात कुठंच घुसवला नाही. लग्नाच्या मंगलाष्टका, शाळेची स्वागतगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांची पदं, सगळं शाल-नारळावर लिहून दिलं. त्या मुलीलाही म्हणालो, त्याचं काय बोलायचं, तुम्ही द्याल ते. कागद न वाचता सही केली.

तो वाचला माझ्या सुनेनं, फार नंतर. ती मोहाडीला तहसिलीत कारकून आहे, कागद वाचण्यात तिचा हात कोण धरणार! तोवर आंबागडच्या पायथ्याशी चित्रण सुरू झालं होतं आणि मी पटकथा सातव्यांदा लिहीत होतो. एका दृश्यासाठी बैलजोडी हवी होती. जोडीवाला आला आणि शेताच्या धुऱ्यावर उभ्या उभ्या त्यानं अटी सांगितल्या. "बारा वाजेपर्यंत. मंग माहे बैल उनात उभे नाई राहत. चारापाणी तुमचं. अन् एकाच गोष्टीसाठी धा खेपा चालवसान तं दुसऱ्या दिवसाचे पैसे." मुलीनं मान हलवून सगळं कबूल केलं. मी घरी येऊन हे गमतीनं सांगितलं, तेव्हा सुनेनं माझा कागद मागितला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमच्यापेक्षा बैलाचा करार बरा हाय," ती म्हणाली. "निर्मात्याचं समाधान होईपर्यंत बदल करून देणं, असं लिवलं हाय. किती खेपा, ते नाईच. शेवटचा हप्ता समाधान झाल्यावर. नाव कुठं टाकायचं ते थेच ठरवणार. अन् गोष्ट कायमची त्यांची. काहून सही केली?"

मी तिला तुमचा विग्रह सांगितला. ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेली पोरगी. म्हणाली, "मानासाठी दिलेलं धन, बाबा. धन तं द्याच लागते. दर खेपेचे पैसे, दोनदा बदल, त्याच्या पुढं पुन्हा बोलणी, असं पाहिजे होतं." तुमची चूक कोणी काढावी हे मला सहन झालं नाही. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

ती सिनेमावाली मुलगी वाईट नाही, गुरुजी. आईच्या बांगड्या मोडून तिनं कॅमेरा आणला होता. पण ती म्हणायची, "काका, मास्तर नुसता कविता म्हणतो, पडद्यावर काही घडतच नाही. त्याच्या हातात बाटली देऊ या का?" मी नाही म्हणालो. सहाव्या खेपेलाही नाही म्हणालो. सहाही खेपा परत आल्या.

साकोलीला सभागृहात तो सिनेमा दाखवला. तेच स्वयंपाकघर, तेच सूप, आणि तुम्ही बाटली तोंडाला लावून कविता म्हणता, मधेच शब्द विसरता. बायका पदराला डोळे पुसत होत्या. शेवटी नावं आली, माझं 'विशेष आभार'मध्ये, वाचेपर्यंत सरकून गेलं. परतीच्या बसमध्ये सुनेनं हळूच विचारलं, "थे दारूचं तुमी लिवलं का बाबा?" मी म्हणालो, नाही, ते त्यांनी मागाहून घातलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कोणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. तो प्रवेश मीच लिहिला. सातव्या खेपेला, एका दुपारी, समाधान व्हावं म्हणून. आणि लिहून झाल्यावर वाचून पाहिला, तर चांगला उतरला होता, गुरुजी. मला बरं वाटलं.