तुम्ही मोठ्याने वाचलेली बातमी

नाना, आज वर्गात बातमीचा 'द्वारपाल' शिकवला. घटना आणि वाचक यांच्यामध्ये कुणीतरी बसलेला असतो, काय आत सोडायचं आणि काय अडवायचं ते तो ठरवतो, एवढाच तो सिद्धांत. मग जगभरच्या बातम्या कशा वाहतात ते फळ्यावर काढलं. श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे पाट भरून वाहतो. उलट दिशेनं मात्र दुष्काळ आणि दंगल एवढंच झिरपतं, तेही कुणा परक्याच्या शब्दांत. मुलं उतरवून घेत होती आणि मला फळ्याशेजारी तुम्ही दिसत होता, हातात पेपर घेऊन. दरवर्षी या धड्याला दिसता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा आपण ताडकळसला होतो. तुम्ही शाळेत मास्तर आणि परभणीच्या एका लहानशा दैनिकाचे वार्ताहर. बातमी पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचात. शेजारच्या खेड्यातली बौद्ध वस्ती जाळल्याचं कळलं आणि तुम्ही सायकल काढली. आई माहेरी गेलेली, म्हणून मलाही मागे बसवलंत. तिथे अजून धुराचा वास आहे. पत्रे वाकलेत, ज्वारी काळी पडलीय. एक म्हातारी दार होतं त्या जागी बसलीय. तुम्ही 'मावशी' म्हणत तिच्यासमोर मातीतच बसता. कोण आले, कुठल्या वाटेनं आले, त्यात ओळखीचे कोण, ती सांगत जाते. "लिव मास्तर, समदं लिव. दिल्लीपातूर जाऊ दे."

तुम्ही सगळं लिहिलंत. छापून आलं ते आतल्या पानावर, तळाशी: दोन गटांत किरकोळ वाद, परिस्थिती आटोक्यात. तुम्ही परभणीला जाऊन भांडलात. संपादक म्हणाले, "मास्तर, पेपर विकत घेणारे कोण आहेत ते तरी बघा." हे तुम्ही आईला सांगताना मी ऐकलं.

म्हातारीला शब्द दिला होता म्हणून तुम्ही तो पेपर घेऊन परत गेलात. वस्ती भोवती जमली. "वाच मास्तर, काय आलंय?" तुम्ही पेपर उघडलात आणि वाचू लागलात. मी तुमच्या कोपराशी उभी. मला वाचता येत होतं. कागदावर चार ओळी होत्या आणि तुम्ही वाचतच होता: वाट, पत्रे, ज्वारी, नावंसुद्धा. तुम्ही जे पाठवलं होतं ते सगळं. वाचून झाल्यावर म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "आता येतील की कुणीतरी सायेब." तिनं तो पेपर मागून घेतला.

नंतर बातमी म्हणून तुम्ही काही लिहिलं नाही. त्या वाटेनं कधी गेला नाहीत, वळसा घालून जायचात. पुढे पूर्ण्याला बदली मागून घेतलीत. शेवटच्या आजारात तापात विचारायचात, "आलं का कुणी तिथं?"

गेल्या महिन्यात पूर्ण्यात एका लग्नात म्हातारीची सून भेटली. कुणीतरी ओळख करून दिली तसा तिनं माझा हात धरला. "त्या मास्तरची लेक व्हय? आमच्या सासूला म्हाईत होतं, बाई. दुसऱ्याच दिशी कुणाकडून तरी पेपर वाचून घेतला तिनं."

"चिडल्या असतील," मी म्हणाले.

"न्हाई. लय रडली. म्हनली, त्यानं समदं ध्यानात ठिवलं. मंग रोज सडकंला जाऊन बसायची. आमी म्हनायचो, कुणाची वाट बघायलीस? तर म्हनायची, मास्तरची. त्या दिशी माणसं लय होती, एक सांगायचं राहिलंय. त्यालाच सांगीन."

म्हातारी वारली तोवर तुम्ही वळशानंच जात होता, नाना. तिचं सांगणं कुणी अडवलं, हे मला कुठल्याच सिद्धांतात बसवता येत नाही. हे कुठे छापायला द्यायचं नाही, म्हणूनच लिहवतंय.

सून म्हणाली, "शेवटाला मला सांगितलं तिनं. तुमाला सांगू का?"

मी म्हणाले, माझ्या गाडीची वेळ झालीय. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.