सगळा उतार अर्डिथच्या अंगणात

तीर्थरूप युनिसताईस,

धाकट्या भावाचा, गुडघा वाकतो तेवढा वाकवून, नमस्कार. तुझं कंबरेचं दुखणं उतरलं का? तिकडे फ्लोरिडात म्हणे भर हिवाळ्यात लोक अर्ध्या बाह्यांनी हिंडतात आणि तुझ्या घरामागच्या तळ्यात मगर आहे. तुझ्याबद्दल मला धास्ती नाही (मगरीला तुझा स्वभाव अजून कळला नसेल, तर काळजी तिचीच आहे), पण संध्याकाळची अनवाणी अंगणात जात जाऊ नकोस. इकडे सर्व क्षेम. चिखलाचा मोसम सुरू झाला आहे, मेर्टनची गाडी चर्चच्या वळणावर आसापर्यंत रुतून बसली आहे, आणि गावसभेत यंदाही त्याच वळणावरून भांडण होऊन सगळे एकमताने जेवायला उठले.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात मला वाटलं तू गंमत करते आहेस. तू लिहिलंस की बाबांनी टेकडी आपल्याला दिली ती मेपलचा पाक काढायला, खिडकीतून बघायला नव्हे. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यापायी तुला पाकाचा थेंब दिसला नाही, आणि यंदाही एप्रिल संपेपर्यंत डबा आला नाही तर तू आपला अर्धा भाग त्या बोस्टनवाल्याला देणार, म्हणजे तो तिथे पाहुण्यांसाठी बंगल्या बांधणार. ताई, मेपलची सगळी राई तुझ्याच अर्ध्यात आहे. माझ्या अर्ध्यात दगड आणि आजोबांचं, झाडांचा रस आटवायचं गुऱ्हाळ. तू विकल्यावर मी काहिलीत दगड उकळायचे का? रागावलो मुळीच नाही. फक्त दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

रसाच्या बादल्या घेऊन कंबरभर बर्फात झाडाझाडाला फिरणं आता माझ्याच्याने होत नाही. मी मेर्टनकडे रडगाणं गायलो. (मेर्टन म्हणजे तोच, ज्याने तुझ्या लग्नात केक आडवा केला. आता त्याचं नळ्या-तोट्यांचं दुकान आहे आणि हात कापत नाहीत.) तो म्हणाला, "अरे, बादल्या गेल्या तुझ्या आजोबांबरोबर. तू नळी घाल. बारीक." आणि मग त्याने मला जे ज्ञान दिलं, ते तुलाही देतो. पेन्सिलीपेक्षाही बारीक नळी, झाडांत ठोकलेल्या तोटीतोटीला जोडत उतारावरून खाली आणायची. बारीक असल्यामुळे ती रसाने गच्च भरते, हवेला शिरायला जागा उरत नाही, आणि खाली उतरणाऱ्या रसाचं वजन वरच्या झाडांतला रस आपसूक ओढून घेतं. पंप नको, वीज नको. जितका उतार जास्त, तितकी ओढ जास्त. पथ्य एकच, नळीला कुठेही छिद्र नको. टाचणी टोचली तरी हवा आत शिरते आणि सगळी टेकडी रुसून बसते. कुणी काही न करता काम होतं हे ऐकून मला आपल्या थोरल्या काकांची आठवण झाली आणि मी तिथल्या तिथे नळीची वेटोळी गाडीत टाकली.

नळी कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताठ हवी, कुठेही झोळ नको. म्हणून मी ती झाडांना वळसे देत, खेचत, मागे न बघता चालत राहिलो, आणि पहिली ओळ पुरी झाली तेव्हा नळीच्या वेढ्यात एक बर्चचं झाड आणि मी असे दोघेच उभे होतो. पुन्हा सगळं सोडवलं. (मी टेलिफोनच्या खांबाला तोटी ठोकली ही गावात पसरलेली बातमी खोटी आहे. ठोकणार होतो. मेर्टनने हात धरला.) राई पुरी व्हायला दोन आठवडे लागले, आणि शेवटच्या दिवशी नळीचं टोक हातात धरून मी उताराच्या तळाशी पोहोचलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपलं गुऱ्हाळ वर आहे. रस्त्याकडेला, टेकडीच्या माथ्यावर. बादल्यांचा रस आजोबा घोड्यावरून आणि बाबा ट्रॅक्टरवरून वर न्यायचे, म्हणून ते तिथे असल्याचं कधी कुणाला खटकलं नाही. पण नळीतला रस वर चढत नाही. तो उताराने जातो, आणि आपल्या टेकडीचा सगळा उतार जाऊन थांबतो तो अर्डिथ गिलफिलनच्या अंगणात.

तुझा चेहरा मला इथून दिसतो आहे. मी काहीही विसरलेलो नाही. चर्चच्या त्या जेवणात, बर्फावर गरम पाक ओतून सगळे तुटून पडलेले असताना, तोंडाची मिठी सोडवायला तू तुझी आंबट काकड्यांची हिरव्या झाकणाची बरणी वाडग्यात ओतलीस, आणि अर्डिथ एक तुकडा चावून म्हणाली, "या दुकानातल्या वाटतात गं, युनिस." तू पाद्रीबाबांच्या देखत सांगितलंस की आईच्या पद्धतीने स्वतःच्या हाताने घातलेल्या आहेत, आणि मग अख्खा वाडगा उचलून चालती झालीस. शंभर माणसं तोंडात नुसता गोडवा धरून बघत राहिली. त्या दिवसापासून आपल्या घरातल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही हा तुझा हुकूम मी वीस वर्षं पाळला. तिचा नवरा हेक्टर गेला तेव्हासुद्धा मी कबरीपाशी नुसती टोपी काढली आणि परत घातली.

म्हणून मी रस साठवायची टाकी कुंपणाच्या अलीकडे, आपल्याच हद्दीत ठेवली. पहिल्या उबदार दिवशी नळ्या अशा काही ओढू लागल्या की दुपारपर्यंत टाकी भरली, वाहिली, आणि रस कुंपणाखालून तिच्या अंगणात जाऊन रात्रीतून गोठला. सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघाली ती स्वयंपाकघराच्या पायरीवरून थेट खुराड्यापर्यंत बसल्या बसल्या घसरत गेली. दाण्यांचं भांडं मात्र सांडू दिलं नाही. मग ती कुंपणाशी आली. माझ्याकडे बघण्याआधी तिने टाकीत बोट बुडवून चाटलं.

"रस चांगला आहे," ती म्हणाली. "तुझी अक्कल कुठे गोठली होती?"

मी हुकूम पाळून नुसती मान हलवली.

"मान कुणाला हलवतोस? मी काय गाय आहे?"

बोलायला मनाई आहे, असं मला नाइलाजाने बोलूनच सांगावं लागलं. त्यावर ती म्हणाली, "युनिस फ्लोरिडात आहे आणि तुझी टाकी माझ्या कुंपणाला टेकली आहे. जा, तिला विचारून ये. तोवर मी इथे उभी राहते." एवढ्या थंडीत बाईमाणसाला उभं ठेवणं मला बरं दिसेना. मी टाकी ट्रॅक्टरवर चढवून वर नेण्याचा माझा बेत सांगितला. तिने तो पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही. "हेक्टर गेल्यापासून आमच्या गुऱ्हाळात काहील पालथी पडली आहे," ती म्हणाली. "रस आपल्या पायांनी माझ्या दारात आलाय. त्याला पुन्हा चढावर हाकणारा तू कोण?"

मी ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकली.

तर टाकी तिच्या अंगणात गेली. माझी एक चूक अशी झाली की नळीचं टोक टाकीतल्या रसात बुडालेलंच राहिलं. कडाका पडला की झाडं रस उलटा ओढून घेतात, हे मेर्टनने सांगितलं होतं, पण तेव्हा मी वेटोळी गाडीत टाकत होतो. सकाळी टाकीतला रस चांगला चार बोटं खाली. अर्डिथने आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या घराण्यातली झाडंसुद्धा वाढलेलं परत उचलून नेतात." हे कुणाला उद्देशून होतं ते मला कळलं. मी हसलो नाही. (घरी येऊन हसलो.)

मग ऐन भरात असताना एक दिवस सगळं थांबलं. वरच्या टोकाला मेर्टनने ओढ मोजायची तबकडी लावली आहे, तिचा काटा शून्यावर. टाकीत टिपूस नाही. रात्री गारठा आणि दिवसा ऊब असेतोवरच रस वाहतो, तसे चारच दिवस उरले होते, मग मोसम संपणार, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या बोस्टनवाल्याच्या बंगल्या उभ्या राहिल्या, खिडक्यांना पडद्यांसकट. खार नळी कुरतडते तेव्हा नुसता सूं असा आवाज येतो, तोही कान लावला तर. माझा डावा कान तुला माहीत आहे आणि उजवा त्याच्याच वळणावर गेला आहे. अर्डिथला ऐकू येतं, पण पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. म्हणून आम्ही दोघं मिळून एक धड माणूस असे निघालो, मी बघत, ती ऐकत. माझा दंड धरून चालत होती. मध्येच म्हणाली, "गप्प राहा जरा."

मी म्हटलं, मी बोललोच नाही.

"तुझा गुडघा बोलतोय. त्याला गप्प कर."

मी गुडघा धरून उभा राहिलो, आणि तिने त्या म्हाताऱ्या जोडमेपलाच्या मागे, बाबांनी आपल्या उंचीच्या खुणा केल्या होत्या ना, तिथेच, खारीने पाडलेलं भोक शोधलं. मी तेवढा तुकडा कापून नवा जोड बसवला. तिला टाकीपाशी सोडून मी वर गेलो, तबकडीचा काटा सरकायला लागला तेव्हा ओरडून सांगितलं आणि खालून ती, माझ्या कानांनाही ऐकू येईल अशी ओरडली की टाकीत धार लागली. ताई, आई गेल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून हेक्टरचं चुलाण पेटतं आहे. लाकडं मी घालतो, मळी ती काढते, आणि काहील उतू जायला लागली की फेस बसवायला लोण्याचा गोळा कुणी टाकायचा यावर आम्ही रोज भांडतो. पाक असा उतरला आहे की काचेच्या बाटलीतून खिडकीबाहेरचं कुंपण दिसतं. तुझा डबा वेगळ्या टपालाने पाठवला आहे. एप्रिल अजून शिल्लक आहे. आधी चाख आणि मग बोस्टनवाल्याला काय कळवायचं ते कळव.

मगरीला जपून.

ज्याला तू अजूनही नाताळात मोजेच पाठवतेस, तो तुझा
ऑल्डेन

ता. क. – टेकडी विकू नकोस. हे वर लिहायचं होतं, पण तुझी भीती वाटली.

आणखी एक – चिखल वाळला की, मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, अर्डिथ आणि मी लग्न करतो आहोत. तिचं म्हणणं, रोज खालीवर करण्यात माझा गुडघा जाईल आणि मग लाकडं कोण घालणार. मलाही ते पटलं. शेवटचा बर्फ तिने फ्रीजरमध्ये दाबून भरून ठेवला आहे, म्हणजे लग्नाच्या जेवणात पाक ओतायला होईल. तुझ्याशिवाय ते जेवण व्हायचं नाही, असं ती म्हणाली. मी नव्हे.

आणि आणखी एक – काकड्या तूच आणायच्या, असा तिचा हट्ट आहे. तुझ्या हातच्याच हव्यात. वीस वर्षांपूर्वी एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा घ्यायला हात पुढे केला तर वाडगा दारापर्यंत गेला होता, हे तिच्या मनात अजून आहे.

शेवटचं – कंबरेमुळे घरी घालणं जमलं नाही तर जिवाला लावून घेऊ नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानात हिरव्या झाकणाच्या बरण्या अजून मिळतात, लेबल मी खरवडून ठेवीन. तिने त्या वेळी चव इतकी अचूक ओळखली कशी, हे मला परवा मीठ शोधताना तिचं फडताळ उघडलं तेव्हा कळलं. आत हिरव्या झाकणांची रांगच्या रांग आहे, आणि ती शपथेवर सांगते की सगळ्या तिने स्वतः घातल्या आहेत. तेव्हा तू निर्धास्त ये.