‘निरोगी’ काढ, ‘जिवंत’ घाल

४ नोव्हेंबर, धुळे
वि. पुस्तकाचं पहिलं प्रकरण सांगतोय, मी टाइप करतेय. ‘शरीरक्रियाशास्त्र : अर्थ आणि व्याप्ती.’ मी लिहिलं, निरोगी शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र.
‘निरोगी काढ. जिवंत घाल.’
कॉलेजात इतकी वर्षं निरोगीच शिकवत आला. आजच का?

६ नोव्हेंबर
जिन्यात मधेच थांबतो. शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतो. त्या कुंड्यांत नुसती माती आहे.

९ नोव्हेंबर
नाना, माझे थोरले दीर, गावाहून मेथी घेऊन आले. जेवताना वि.चं व्याख्यान. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं एकमेकांना सांभाळून घेतात. एक ढिलं पडलं तर दुसरं जास्त राबतं. बाहेरून कळत नाही.
नाना म्हणाले, ‘तू बठ्ठास्ना हात धरस रे. तुना कोन धरी?’
सगळ्यांचे हात धरणारा वि. हसला. जरा उशिरा.

१३ नोव्हेंबर
बाजारात त्याच्या विभागातल्या चौधरी मॅडम. ‘सरांनी यंदा हात दिलाच नाही.’
नव्या वर्गाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला खुर्चीत तोच बसायचा. मुलं त्याची नाडी, रक्तदाब घ्यायची. ‘माझ्याइतका नॉर्मल माणूस जिल्ह्यात सापडणार नाही,’ हा दरवर्षीचा विनोद. यंदा खुर्चीत एका मुलीला बसवलं. स्वतः खिडकीशी उभा.
‘सर लाजायला लागले,’ मॅडम म्हणाल्या. मीही हसले. कोथिंबीर घ्यायची राहिली.

१४ नोव्हेंबर
‘डॉक्टरकडे जाऊ.’
‘आजार आमचा विषय नाही.’
‘मग काय आहे?’
‘शरीर स्वतःला कसं सावरतं, ते.’
‘आणि नाही सावरलं तर?’
‘तिथं आमची व्याप्ती संपते. पुढचं खातं वेगळं.’ वर म्हणाला, ‘हे वाक्य घे, चांगलं आहे.’
घेतलं नाही.

१६ नोव्हेंबर
दुपारी खुर्चीत डुलकी. हळूच मनगट धरलं.
डोळे मिटूनच, ‘अंगठा नको. स्वतःचीच नाडी लागते. तीन बोटं.’
अंगठा काढला. ठोका. ठोका. मग काहीच नाही. मग घाईनं दोन.
‘हे नॉर्मल?’
‘कुणासाठी?’
चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघरातून फोन करून हृदयाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. त्याला सांगितलेलं नाही. माझ्या भावाकडे जायचंय म्हणून रिक्षात बसवेन.
आता तो माझ्याकडे बघतोय. मघाशी म्हणाला, ‘तुझा श्वास का वाढलाय?’